जुन्या पिकअपची चासी बदलली, त्याला आठ महिने झाले

चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बदलल्यापासून गाडी अकरा हजार किलोमीटर पळाली. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबलो.

गंज आधी दिसलाच नव्हता. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे चासीला टांगतात, त्या हँगरजवळ हातोडीने ठोकत चाललो होतो. टण टण करता करता एके ठिकाणी भद्द आवाज आला. पेचकस टोचला तर थेट मुठीपर्यंत आत. पेटीसारख्या बंद चासीचं दुखणं हेच. पाणी निघायची भोकं चिखलाने बुजतात आणि गंज आतून पत्रा खात सुटतो. बाहेरचा काळा रंग मात्र शेवटपर्यंत झकास!

त्याआधी दोन वर्षं मी ठिगळं मारत बसलो. वेल्डिंग धरायला धड लोखंड तर हवं. दर वेळी ठिगळापासून दोन बोटांवर नवं भोक.

नवी चासी घेतली ती वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली. पावडर कोटिंगचा, म्हणजे भाजून बसवलेल्या भुकटीच्या रंगाचा, टवका उडाला की गंज थराखालून सरकत जातो. जस्त मात्र स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, शिवाय पेटीच्या आतही बसतं. 3 ते 6 मिलिमीटर जाडीच्या पोलादावर हा थर सरासरी निदान 70 मायक्रॉनचा हवा. तोटा एकच : बोल्टच्या भोकांत जस्ताचे ओघळ गोठतात. टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून सगळे आटे साफ करावे लागले.

उतरवताना केबिनच्या आठपैकी पाच बोल्टना ग्राइंडर लावला. एकाचा आतला नट वेल्डमधून सुटला आणि बोल्टबरोबर नुसता गरगर फिरत राहिला. शेवटी सीट काढली, वरून केबिनच्या तळाला चौकोनी खिडकी कापली आणि पान्याने तो धरला. त्या एका नटाने अर्धा दिवस खाल्ला. केबिनखालचे रबर आणि ब्रेकचे पाइप त्याच वेळी नवे टाकले. तिथे काटकसर करू नये, केबिन परत उचलायची हौस कोणाला असते? चासीवर कोरलेल्या नंबराचं काय करायचं, ते मात्र जुनी चासी भंगारात घालण्याआधी नोंदणी खात्यात विचारून घ्या.

दोन आठवड्यांत एक गंमत झाली. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणायचा. बल्ब बदलले, होल्डर बदलला, काही फरक नाही. जस्तावर मी हौसेने काळा रंग मारला होता आणि अर्थिंगची वायर त्या रंगावरच कसली होती. जागा खरवडली, दिवे ताळ्यावर आले.

आठशे किलोमीटरनंतर केबिनचे बोल्ट पुन्हा कसले, तर रबर बसल्यामुळे प्रत्येक बोल्ट पाव फेरा फिरला. बंपरची भोकं मात्र चार मिलिमीटर चुकलेली; कानशीने लांबवली, राग अजून आहे.

चालवताना फरक कळतो तो दारात. पूर्वी हौदा भरला की ड्रायव्हरचं दार आपटावं लागायचं, आता बोटाने लागतं. स्टिअरिंगही खड्ड्यातून निघाल्यावर भरकटत नाही, अर्थात त्यात सांध्यांतल्या नव्या रबरी बुशांचा आणि चाकांच्या अलाइनमेंटचाही वाटा आहे.

परवा बॅटरी घेऊन पेटीत डोकावलो. एका भोकाच्या कडेला पांढरी भुकटी होती, जस्ताची. तांबूस काही दिसलं नाही. तार घालून भोक मोकळं केलं, आत मेणाचा फवारा मारला.