एफएमच्या आड दडलेला मजकूर दाखवणारा डोंगल

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून घेतलेला हा आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीला जोडायचा छोटा रेडिओ-ग्राहक, मुळात टीव्हीसाठी बनलेल्या चिपवर चालतो. मात्र लॅपटॉपला जोडून योग्य सॉफ्टवेअर सुरू केले, की साध्या रेडिओवर ऐकू न येणारा भागही तो पडद्यावर उलगडतो. कोथरूडच्या गच्चीवरून एक एफएम वाहिनी लावली, तेव्हा १९ किलोहर्ट्झला पायलटची (स्टिरिओ प्रक्षेपणाची खूण असलेल्या स्वराची) बारीक रेघ आणि तिच्या तिप्पट, म्हणजे ५७ किलोहर्ट्झच्या दोन्ही अंगांना आरडीएसचे, म्हणजे आवाजासोबत मजकूर पाठवणाऱ्या रेडिओ डेटा सिस्टमचे, बुटके उंचवटे स्वच्छ दिसले. गाणे चालू असतानाच त्याच लहरीवरून सेकंदाला ११८७.५ बिट अशा संथ गतीने वाहिनीचे नाव वगैरे माहिती येत असते. तिच्या प्रत्येक २६ बिटांच्या तुकड्यात १० बिट तपासणीचे असतात. पण ही तपासणी वाटेत झालेला बिघाड तेवढा ओळखते, पाठवणारा खरा की तोतया हे तिला कळत नाही. याच उणिवेच्या आधारे २००७ मध्ये दोन इटालियन संशोधकांनी मोटारीच्या नेव्हिगेशनवर आरडीएसमधून खोटे वाहतूक-संदेश उमटवून दाखवले होते.

डोंगल फक्त ग्रहण करतो, प्रक्षेपण नाही, आणि विद्यार्थ्यांच्या हाती देताना मला ते सोयीचेच वाटते. सोबतचा अँटेना मात्र अगदीच जेमतेम आहे, डोंगल बराच तापतो आणि संकेत फक्त ८ बिटांत मोजण्याच्या मर्यादेमुळे शेजारच्या जोरदार वाहिनीपुढे क्षीण संकेत दबून जातो. लॅपटॉपमुळे संकेतात येणारी खरखर टाळायची असेल, तर डोंगल त्याच्यापासून दूर ठेवायला यूएसबीची एक्स्टेन्शन वायर त्याच गल्लीतून सोबत घ्यावी.