लंडनचे एक वर्ष की बर्लिनची दोन? बडोद्याहून निघणाऱ्या विद्यार्थ्यासाठी रोजच्या जगण्याची तुलना

बडोद्याच्या दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरात परदेशी शिक्षणाची चौकशी सुरू झाली की तिचा सगळा रोख विद्यापीठाचा क्रमांक, शुल्क आणि पुढची नोकरी यांवर असतो. तिकडे खोली कशी मिळणार, स्वयंपाक कोण करणार, तापाने फणफणल्यावर कोणाकडे जायचे, हे प्रश्न बॅगा भरेपर्यंत कोणी काढत नाही. माझा पुतण्या लंडनला एक वर्ष राहिला आणि मुलगी बर्लिनला दोन वर्षे. दोघेही सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, म्हणजे पदवी मिळेपर्यंत घरच्या ताटावर जेवणारे आणि दुचाकीवरून दहा मिनिटांत वर्गात पोहोचणारे. त्या दोघांकडे पाहून माझे मत असे झाले आहे की, कोणते शहर सोपे हे विचारण्याआधी त्या शहरात रुळायला किती महिने लागतात आणि अभ्यासक्रम किती महिन्यांचा आहे, हे दोन आकडे शेजारी मांडावेत. ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुतेक वर्षभरात आटोपतो. जर्मनीत त्यासाठी साधारण चार सत्रे लागतात.

निवाऱ्याचा प्रश्न दोन्हीकडे सर्वांत जड आहे, पण त्याचे स्वरूप वेगळे आहे. लंडनमध्ये खोली मिळते, मात्र पैसे मोजावे लागतात: सामायिक घरातील एका खोलीचे भाडे महिन्याला हजार पौंडांच्या आसपास सहज जाते आणि घरमालक अनेकदा ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतो. अनामत रकमेवर मात्र 2019 च्या कायद्याने मर्यादा घातली आहे; नेहमीच्या भाड्याच्या घरांसाठी ती पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. बर्लिनमध्ये अशी खोली साडेसहाशे युरोंच्या आसपास बसते, परंतु ती मिळवणे हेच एक काम होऊन बसते, कारण विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असते आणि सामायिक घरात आधीपासून राहणारे लोक उमेदवाराची मुलाखत घेऊन मग होकार किंवा नकार देतात. त्यातच नव्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत त्याची सरकारी नोंद, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. माझ्या मुलीची पहिली खोली स्वस्त होती, पण तो दाखला देण्यास मालकाने टाळाटाळ केली आणि तिला तीन महिन्यांत दुसरे घर शोधावे लागले. पत्त्याची नोंद नसली की पुढची कामेही अडतात, म्हणून दाखला मिळणार की नाही हे भाडे ठरवतानाच विचारून घ्यावे. (परमुलखात जागा मिळेल का, ही चिंता आपल्या गावाला नवी नाही, पण तिची उलटी बाजूही आपल्याच गावात घडली आहे: बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली न्यूयॉर्कला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना तिकडे राहायला जागा मिळाली. 1917 साली ते नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा इथे मात्र मिळाली नाही.)

भाषेच्या बाबतीत बडोद्याच्या मराठी मुलाला लंडनमध्ये एक लाभ होतो, जो पुण्या-नाशिकच्या मुलाला तितकासा होत नाही. त्याला गुजराती येते. वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर किराणा, मिठाई, भाजी हे सारे गुजरातीत बोलून घेता येते, आणि पुतण्याने तिथे पहिल्याच रविवारी तुवेर डाळ आणि मेथीची जुडी घेऊन घरी फोन केला होता. मराठी माणसांचा सहवास हवा असल्यास डॉलिस हिल येथे स्वतःची वास्तू असलेले, 1932 साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे. बर्लिनमध्ये आपली गुजराती निरुपयोगी ठरते आणि इंग्रजीही वर्गाच्या दारापर्यंतच पूर्ण कामास येते. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी भाडेकरार, विम्याचे पत्र आणि सरकारी सूचना जर्मनमध्ये येतात, त्याही बहुधा टपालाने. पहिले सहा महिने मुलगी प्रत्येक लिफाफ्याला घाबरत असे; दुसऱ्या वर्षी तीच दुसऱ्या मुलांची पत्रे वाचून देऊ लागली.

स्वयंपाकाचे दोन्हीकडे सारखेच: विजेची शेगडी, सामायिक फ्रीजमधला एक कप्पा, आणि फोडणी जरा करपली की छतावरची धुराची घंटा. बर्लिनमध्ये भेंडी, वांगी, कोथिंबीर तुर्की दुकानांत ताजी मिळते. मात्र रविवारी स्थानकांवरची काही दुकाने वगळता सगळी किराणा दुकाने बंद असतात. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या शांततेचाही नियम असतो, त्यामुळे मिक्सरवर चटणी वाटायची ती शनिवारीच. सेव-उसळ मात्र दोन्हीकडे स्वतःच करून खावी लागते.

पैशांचा हिशेब मी शुल्क वगळून मांडते, कारण तेथे तुलनाच नाही. बर्लिनच्या सार्वजनिक विद्यापीठांत बहुतेक अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क नसते. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो आधीच गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला 992 युरोच हाती येतात. आमच्या घरात हे बंधन उपकारक ठरले. तेथे आरोग्यविम्याचे महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास जातात, पण शिक्षणशुल्काहून वेगळ्या, दर सत्राला विद्यापीठात भरायच्या शुल्कातच देशभर स्थानिक प्रवासाला चालणारा पास मिळतो. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेचे वर्षाला 776 पौंड व्हिसाबरोबरच भरून घेतात. लंडनच्या बसमध्ये 1.75 पौंडांच्या तिकिटात तासाभरात कितीही बस बदलता येतात. भुयारी रेल्वे महाग पडते, म्हणून पुतण्या वेळ घालवून बसनेच फिरला. कामाची परवानगी लंडनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास आहे, तर जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण दिवस.

हिवाळ्याबद्दल फार लिहीत नाही. बर्लिनची थंडी अधिक बोचरी आहे, पण त्रास अंधाराचा होतो, आणि तो दोन्हीकडे सारखाच: डिसेंबरात चार वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बडोद्याच्या मुलाला आपण आजारी आहोत असे वाटू लागते.

एका वर्षाच्या अभ्यासक्रमात रुळण्यासाठी सहा महिने देणे परवडत नाही, आणि लंडन ते मागतही नाही. बर्लिन मागते, पण तेथे दीड वर्ष शिल्लक राहते. घरची ऐपत लंडनचे भाडे कर्जाशिवाय पेलण्याची असेल आणि मुलाने जर्मनचे एक अक्षरही शिकलेले नसेल, तर मी लंडन निवडीन. भाड्यासाठीही कर्ज काढावे लागणार असेल, तर बर्लिन निवडून निघण्यापूर्वीचे आठ-दहा महिने जर्मनच्या वर्गाला द्यावेत आणि पहिल्या तीन महिन्यांसाठी, पत्त्याची नोंद करू देणारी खोली इथूनच ठरवावी, मग ती विद्यापीठापासून तासभर लांब असली तरी चालेल.