जुनी डिझायर टूर एस सीएनजी: सिबिल कमजोर, रनिंग जास्त, गाव नागपूर

महिन्याला चार हजार किलोमीटर रनिंग, सिबिल (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा स्कोअर) साडेसहाशेच्या खाली आणि धंदा नागपुरातला, असं गणित असेल तर आमची पसंती कंपनी फिटेड सीएनजीच्या सेकंडहँड टूर एसला, म्हणजे डिझायरच्या टॅक्सी मॉडेलला. २०१९ ते २०२२ मधली, सव्वा लाख किलोमीटरच्या आतली. वॅगन-आर स्वस्तात मिळते आणि अ‍ॅव्हरेजही जास्त देते, पण दिवसभर मागच्या सीटवर तीन माणसं बसणार असतील तर डिझायरच बरी. बाहेरून किट बसवलेली गाडी मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

आधी इंजिन. १.२ लिटरचं के-सिरीज, टायमिंग चेनचं. तेल वेळेवर बदललं असेल तर मजबूत. मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नको. बॉनेटवर हात ठेवून थंड आहे का ते बघा, मगच सेल्फ मारा. पहिले दोन-तीन सेकंद साखळी खडखडली तर चेन आणि टेन्शनरचा खर्च किमतीतून वजा करा. गरम झाल्यावर तेलाचं झाकण उघडा. धूर भकाभका बाहेर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, तिथूनच परत फिरा. सीएनजी कोरडा गॅस, त्यामुळे व्हॉल्व्हची सीट झिजते. म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट करूनच घ्या. चारही सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर हेडचं काम अंगावर येणार. क्लच बघायचा तर हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट चांगली, फिरतच राहिलं तर संपलेली.

चार माणसं बसवून, एसी लावून, गॅसवरच वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढवा. चढावर झटके आले तर प्लग, कॉइल किंवा गॅस फिल्टर यांपैकी काहीतरी आहे. मग दुपारी गाडी उभ्या उभ्या दहा मिनिटं एसीवर चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा वेळेवर लागला पाहिजे. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात कमजोर रेडिएटर हेड गॅस्केट घेऊनच जातो.

पाच वर्षं टॅक्सीत चाललेल्या गाडीचं मीटर सत्तर हजार दाखवत असेल तर ते मागे फिरवलेलं असण्याचीच शक्यता जास्त. ब्रेक पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज बघा, आणि गाडीच्या नंबरवरून सर्व्हिसचा रेकॉर्ड काढायला लावा. गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते; तारीख गाडीवरच्या प्लेटवर असते. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. २०१९ ची गाडी घेताना हा खर्च लक्षात ठेवा.

दोन उणिवा. डिकीत सिलिंडर असल्याने दोन मोठ्या बॅगा बसत नाहीत, एअरपोर्टच्या भाड्याला कॅरिअर लागेलच. आणि स्पीड ८० वर बांधलेला, त्यामुळे समृद्धीवरचं लांबचं भाडं कंटाळवाणं होतं.

आता पैशाचं. एसी लावून शहरात २१ चा अ‍ॅव्हरेज आणि ९० रुपये किलोचा गॅस धरला तर चार हजार किलोमीटरला साधारण १७,१०० रुपये लागतात. तीच गाडी पेट्रोलवर १५ चा अ‍ॅव्हरेज देईल, १०४ च्या भावाने २७,७०० होतात. वाचले १०,६०० रुपये, म्हणजे जवळपास एक हप्ता. पण नागपुरातला गॅस २०२२ मध्ये १२० रुपये किलोवर गेला होता. त्या भावाने बचत ४,९०० वर येते. हप्ता झेपतो का, हे १२० च्या भावानेच तपासा.

फायनान्सवाला 'फक्त १२ टक्के' म्हणाला तर फ्लॅट की रिड्यूसिंग, हे पहिलं विचारा. फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर लागतं, रिड्यूसिंगमध्ये फक्त उरलेल्या रकमेवर. तीन लाख, ३६ महिने, १२ टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता ११,३३३ आणि व्याज १,०८,०००. रिड्यूसिंगने तोच दर २१ टक्क्यांच्या वर जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाआधी मुख्य माहितीचं पत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे चार्जेस धरून वार्षिक दर छापलेला असतो. तो आकडा वाचल्याशिवाय सही नको. मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती कापणार, तेही त्याच वेळी विचारा.

अर्ज टाकण्याआधी सिबिलचा फुकट रिपोर्ट काढा, वर्षाला एक मिळतो. फेडलेलं कर्ज चुकून 'सेटल्ड' (कमी पैशांत तडजोड करून मिटवलेलं) दाखवत असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागायला हवा, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी रिपोर्टमध्ये दिसते. डाऊन पेमेंट ३० ते ४० टक्के तयार ठेवलं की बोलणी सोपी होतात.

सिबिल कमजोर असलेल्याला हमखास दाखवलं जातं ते आमिष म्हणजे 'चालू हप्त्यावर गाडी'. स्टॅम्प पेपरवर नोटरी होते, हप्ते तुम्ही भरता, आरसी आणि कर्ज मात्र जुन्या मालकाच्या नावावरच राहतं. तुमच्या वेळेवर भरलेल्या हप्त्यांनी त्याचं सिबिल सुधारतं, तुमचं नाही. त्याने दुसरीकडचं कर्ज बुडवलं की भांडण तुमच्या दारात येतं, आणि हातात असतो फक्त स्टॅम्प पेपर. हा व्यवहार करू नकाच.

सरळ व्यवहारात जुन्या फायनान्सची एनओसी, बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) उतरवायचा फॉर्म ३५, आणि ट्रान्सफरचे फॉर्म २९ व ३० लागतात. नवीन कर्ज असेल तर बोजा चढवायचा फॉर्म ३४ ही. एमएच-३१, ४० आणि ४९ ही नागपूरची तिन्ही आरटीओ कार्यालयं वेगळी आहेत, गाडी कुठल्या कार्यालयाची ते आधी बघा. सरकारच्या एमपरिवहन अॅपवर बोजा, इन्शुरन्स आणि पासिंग तपासा, ई-चालान वेगळं तपासा. आणि अ‍ॅपवर आरसीला तुमचं नाव दिसेपर्यंत किमतीतले शेवटचे दहा हजार हातचे सोडू नका.