इंदूरचा काळा दगड आणि लाव्हाचा घुमट

इंदूरलगतच्या महूजवळ पातालपाणी धबधब्याच्या कड्यात दिसतो तो काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी तो पातळ लाव्हा होऊन भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. माळव्याचं पठार म्हणूनच इतकं सपाट. त्या लाव्हात सिलिका (वाळूतला मुख्य घटक; तो जितका जास्त तितका लाव्हा चिकट) 50 टक्क्यांच्या आसपास, तापमान 1100 अंश सेल्सिअसच्या पुढे. वायू सहज निसटतात.

लाव्हाच्या घुमटाचं गणित उलटं. तो बहुधा डेसाइट नावाच्या चिकट लाव्हाचा बनतो. या लाव्हात सिलिका 63 टक्क्यांहून जास्त, तापमान बहुधा 800 ते 900 अंश. इतका चिकट लाव्हा फार वाहतच नाही, ज्वालामुखीच्या मुखाशी घुमटासारखा साचतो. आतून नवा लाव्हा रेटत राहिला की घुमट फुगतो, वरचं कवच तडकतं, कडेला दगडांचा ढीग जमतो. कधी कवच फोडून नवी जीभ बाहेर येते. अमेरिकेत सेंट हेलेन्स ज्वालामुखीवर 1980 ते 1986 या काळात असा घुमट टप्प्याटप्प्यानं वाढला.

आमच्या मते भीती बाळगावी ती घुमटाची. उतार फार उभा झाला की कड कोसळते, कोंडलेला वायू सुटतो आणि तापलेल्या राखेची, दगडांची लाट उतारावरून धावते. जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर 3 जून 1991 रोजी अशा लाटेत 43 माणसं गेली. पातळ लाव्हा शेतं, घरं गिळतो, पण माणसाला बहुधा चालत दूर जाण्याइतका वेळ देतो.