पानिपतचं किट: घेतलं इतिहासासाठी, कामाला आलं भूगोल-गणितात

सातवीतल्या लेकीसाठी पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं अ‍ॅक्टिव्हिटी किट मागवलं होतं. एक मोठा नकाशा, लाकडी सोंगट्या आणि प्रत्येक विषयाचं वेगळं पाकीट. शाळेत हे युद्ध कसं होतं माहितीये ना, १४ जानेवारी १७६१, भाऊ आणि विश्वासराव पडले, पराभवाची कारणे लिहा, संपलं. कारणं पाठ होतात पण डोक्यात काही शिरत नाही. किटचे पैसे इथेच वसूल होतात.

भूगोलाचं पाकीट सगळ्यात भारी. यमुना, दिल्ली, कुंजपुरा, बागपत, पानिपत असा नकाशा आणि तारखेचं कार्ड उघडलं की त्याप्रमाणे सोंगट्या सरकवायच्या. ऑगस्ट १७६० मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये वर जाऊन कुंजपुरा घेतला, तिथलं धान्य हाती आलं, सगळं मस्त चाललंय, आणि पुढचं कार्ड उघडलं तर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे! लेक म्हणाली, "अगं आई, हा तर मधेच आला, आता हे लोक घरी कसे जाणार?" मग थोडा वेळ नकाशाकडे बघून तिचं तिलाच दिसलं की अब्दालीचा घरचा रस्ताही मराठ्यांनी अडवलाय, म्हणजे लढाईत आपण दक्षिणेकडे तोंड करून आणि तो उत्तरेकडे. हे मी तिला सांगितलं असतं तर तिने नुसतं हो हो केलं असतं.

त्यानंतर लगेच गणिताचं पाकीट काढा, कारण ते त्यालाच जोडून आहे. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलंही होती. किटमध्ये हिशोबासाठी एक लाख माणसं धरलीत, माणशी अर्धा किलो धान्य, म्हणजे रोजचे ५० टन, आणि एका बैलावर एक क्विंटल लादला तर रोज ५०० बैल यायला हवेत. घोड्यांचा दाणावैरण वेगळाच. असे अडीच महिने. मग डिसेंबरचं कार्ड येतं, गंगा-यमुनेच्या मधल्या दुआबात अब्दालीची रसद तोडायला गेलेले मराठ्यांचे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, म्हणजे बाहेरून धान्य यायची आशाही संपली, आणि मुलांना पुढचं काही समजावावं लागत नाही.

मराठीच्या पाकिटात पराभवाची बातमी देणारं ते प्रसिद्ध पत्र कोड्यासारखं सोडवायला दिलंय, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे कोण ते लेकीला पटकन कळलं. खुर्दा म्हणजे साधी माणसं हे कळल्यावर मात्र ती गप्प झाली.

आणखी एक आवडलं, तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत लढला आणि पकडून मारला गेला, आणि वाचून आलेल्यांना सूरजमल जाटाने आसरा दिला, हे दोन्ही ठळक दिलंय. मुलांना हे कळायलाच हवं, नाहीतर हिंदू विरुद्ध मुसलमान एवढंच लक्षात राहतं.

आता जे खटकलं ते. विज्ञानाचं पाकीट उरकून टाकलंय. उंटावरच्या जंबुरक्यांचं, म्हणजे छोट्या तोफांचं, चित्र छान आहे पण गारद्यांच्या जड तोफांपेक्षा त्या हलवायला का सोप्या हे दोन ओळींत गुंडाळलंय, तिथे एखादा प्रयोग सहज देता आला असता. आणि त्यात लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असं छापलंय, जे चूक आहे! त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती आणि त्या काळात संक्रांत १० जानेवारीच्या आसपास यायची, मराठा सरदार दत्ताजी शिंदे दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले ती १७६० ची संक्रांत १० जानेवारीचीच. संक्रांत हळूहळू पुढे सरकते हाच विज्ञानाचा केवढा चांगला धडा झाला असता, तो हातचा घालवला. बनवणाऱ्यांना मेल केलाय, उत्तर नाही अजून.

नकाशाचा कागद पातळ आहे, घड्यांवर लगेच फाटतो, आल्या आल्या लॅमिनेट करून घ्या. पाचवीच्या आतल्या मुलांना जड जाईल. सहावी ते आठवीसाठी डोळे झाकून घ्या, फक्त संक्रांतीचं ते कार्ड आधी पेनाने दुरुस्त करा आणि आई किंवा बाबा कुणीतरी सोबत बसा, नुसतं हातात देऊन उपयोग नाही. पाचपैकी चार स्टार.