हॉस्पिटलमधल्या चुकीनंतरची रिस्टोरेटिव्ह मीटिंग : आमच्या घरचा अनुभव (५ पैकी ४ तारे)

बरेच दिवस लिहायचं राहून गेलं होतं. इथे न्यूझीलंडमध्ये आपल्यापैकी कोणाच्या घरी हॉस्पिटलमध्ये काही चुकीचं घडलं तर एसीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी अपघात विम्याचा, क्लेम आणि तक्रार एवढंच माहीत असतं. रिस्टोरेटिव्ह मीटिंग, म्हणजे ज्यांच्याकडून चूक झाली आणि ज्यांना ती भोगावी लागली त्यांनी समोरासमोर बसून बोलायची भेट, असं काही मागता येतं हे आम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं, मीच शोधत शोधत तिथे पोचले, म्हणून लिहितेय. हॉस्पिटलचं नाव देत नाहीये, कारण मीटिंगमध्ये जे बोलणं झालं ते त्या खोलीतल्या लोकांचं आहे, मी फक्त आमच्या बाजूचं सांगतेय, आई-बाबांना विचारून.

झालं असं की बाबा ७१ वर्षांचे, न्यूमोनिया झाला म्हणून अ‍ॅडमिट केलं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे हे मी इमर्जन्सीत स्वतः सांगितलं, त्यांनी लिहूनही घेतलं. रात्री वॉर्डात हलवताना नवीन चार्ट केला आणि त्यावर अ‍ॅलर्जीचा रकाना कोराच राहिला. मी मुलांना झोपवायला घरी आले होते, आई थांबली होती. नर्स गोळी घेऊन आली आणि नाव सांगितलं, अमॉक्सिसिलिन. म्हणजे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं औषध. आईला त्यातलं फक्त शेवटचं "सिलिन" कळलं आणि ती म्हणाली, "सिलिन नो, नो", आणि स्वतःचा हात खाजवून दाखवला. नर्सने हसून आईचा हात थोपटला, "इट्स ओके" म्हणाली आणि गोळी दिली. वीस मिनिटांत बाबांचे ओठ सुजले, श्वास घेता येईना. दोन दिवस आयसीयू. बाबा वाचले, आता बरे आहेत, पण त्यानंतर कितीतरी आठवडे साधी बीपीची गोळी घ्यायची तरी आधी आईच्या तोंडाकडे बघायचे.

एसीसीने ट्रीटमेंट इंज्युरी, म्हणजे उपचारातून झालेली इजा, म्हणून क्लेम मंजूर केला, त्यात काही त्रास झाला नाही. नाशिकहून दादा रोज फोनवर, "ग्राहक कोर्टात खेच त्यांना". त्याचंही बरोबर आहे, आपल्याकडे १९९५ पासून सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेली डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात धरलीय. पण इथे १९७४ पासून एसीसी आहे, चूक कोणाची हे सिद्ध न करता उपचाराचा खर्च मिळतो आणि त्याच्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी दावा लावता येत नाही. मला ही पद्धत मान्य आहे. पण आईला पैसे नकोच होते. ती रात्री उठून बसायची आणि एकच म्हणायची, "मी सांगत होते गं, मी सांगत होते". ह्याला कुठला फॉर्म भरणार?

हॉस्पिटलकडून एक पत्र आलं. तीन पानं, "झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे" वगैरे, आईचा उल्लेखच नाही, ती तिथे होती हेसुद्धा नाही. ते वाचून मी खरंच चिडले आणि शोधायला लागले. तेव्हा सर्जिकल मेशबद्दल वाचलं. इथे कितीतरी बायकांना, पुरुषांनाही, ऑपरेशनमध्ये बसवलेल्या जाळीने भयंकर त्रास झाला होता आणि वर्षानुवर्षं त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. २०१९ मध्ये आरोग्य मंत्रालयाने व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनच्या लोकांना घेऊन देशभर ह्या पेशंटचं बोलणं ऐकायला गोलात बैठका घेतल्या, ६०० च्या वर लोकांनी आपलं सांगितलं, आणि डिसेंबरमध्ये रिपोर्ट आला. म्हटलं एवढ्या मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं तर एका बाईसाठी का नाही? हॉस्पिटलच्या क्वालिटी टीमला मेल टाकला, मला तक्रार नकोय, मला भेट हवीय, आणि मधे बसायला बाहेरचा माणूस हवाय.

ह्या सगळ्यात सर्वात चांगला भाग म्हणजे मीटिंगच्या आधीची तयारी. फॅसिलिटेटर बाई, म्हणजे मधे बसणारा तो बाहेरचा माणूस, दोनदा आमच्या घरी आल्या, चहा घेतला, आणि आधी नुसतं ऐकलं. काय झालं, कोणाला काय दुखलं, आता काय झालं तर बरं वाटेल, फिरून फिरून एवढंच विचारायच्या. आईने सुरुवातीला "काही नाही, बाबा बरे झाले ना, बस" असंच उत्तर दिलं. दुसऱ्या वेळी बाई गप्प बसून राहिल्या, आणि मग आई हाताबद्दल बोलली. मला लेकीलाही तोपर्यंत माहीत नव्हतं की तिला त्या थोपटण्याचं लागलंय. "लहान पोरीला गप्प करतात तसं केलं मला." बाई हॉस्पिटलच्या लोकांनाही असंच वेगळं भेटल्या होत्या. हे न करता थेट समोरासमोर बसवलं असतं तर नुसती वादावादी झाली असती, माझी खात्री आहे.

मीटिंगला टेबल नव्हतं, गोलात खुर्च्या. सुरुवात माओरी कराकियाने, म्हणजे प्रार्थनेने. ह्या पद्धतीत त्यांच्या होहोउ ते रोंगोचा, म्हणजे तुटलेलं नातं परत जुळवण्याच्या परंपरेचा, मोठा वाटा आहे असं बाईंनी समजावलं. आईला प्रार्थना आवडली, शब्द कळले नाहीत तरी हात जोडून बसली होती. पहिले सीनियर डॉक्टर बोलले आणि ते पुन्हा पत्रातल्यासारखंच बोलायला लागले, सिस्टिम, प्रोसेस. बाईंनी त्यांना थांबवून विचारलं, "तुम्ही हे कोणाला सांगताय?" ते थांबले, आईकडे वळले आणि मग सरळ म्हणाले की रकाना कोरा राहिला, तो भरायची जबाबदारी आमची होती.

मग नर्स. चार्टची कॉपी घेऊन आली होती, त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाली, मी चार्ट बघितला, तुमच्याकडे बघितलं नाही. आणि कोणी न विचारता म्हणाली, मी तुमचा हात थोपटला आणि गोळी दिली, तुम्ही घाबरलाय असं वाटलं मला, तुम्ही काही सांगताय असं वाटलंच नाही. दुभाष्याने मराठीत सांगून संपवलं आणि खोलीत कोणीच बोललं नाही. आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हां. असंच झालं होतं." बस एवढंच. त्या रात्री ती सलग झोपली, बाबांनी सकाळी मला फोन करून सांगितलं.

लेखी तीन गोष्टी ठरल्या. शिफ्ट बदलताना अ‍ॅलर्जी पेशंटच्या आणि घरच्यांच्या समोर वाचायची, बाबांना त्याच डॉक्टरांनी पुन्हा बोलावून सगळ्या गोळ्या समजावायच्या, आणि ज्यांचं इंग्रजी कमी आहे त्यांच्या घरच्यांसाठी त्या वॉर्डात "थांबा, मला काही सांगायचंय" असं कार्ड ठेवायचं. तीन महिन्यांनी बाईंचा फोन आला तेव्हा पहिल्या दोन झाल्या होत्या.

आता एक तारा का कापला. घटनेपासून मीटिंगपर्यंत चार महिने गेले, एवढे लागायला नको. दुभाषी आधी हिंदीचा दिला, तोही फोनवर! आईचं हिंदी सिरियलपुरतं आहे, ती हिंदीत आपलं दुःख कशी सांगणार? इथल्या पेशंट हक्कांच्या १९९६ च्या कोडमध्ये पाचवा हक्क नीट संवादाचा आहे, गरज असेल आणि शक्य असेल तिथे चांगला दुभाषी मिळायला हवा हे त्यातच येतं, ते मला दाखवावं लागलं तेव्हा मराठीवाला माणूस समोर आला. आणि ज्या ज्युनियर डॉक्टरने औषध लिहिलं तो दुसऱ्या गावी बदलून गेलेला, त्याने पत्र पाठवलं. पत्र मनापासूनचं होतं, तरी आईने विचारलंच, "तो का नाही आला?"

ज्यांना करायचंय त्यांनी एक लक्षात ठेवा, ही मीटिंग दोन्ही बाजूंच्या मर्जीची असते, आणि ती केली म्हणून हेल्थ अँड डिसअ‍ॅबिलिटी कमिशनरकडे, म्हणजे पेशंटच्या हक्कांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, तक्रार करायचा हक्क जात नाही. कोणी "मीटिंग करू पण तक्रार नको" असं सुचवलं तर तिथेच नाही म्हणा. पेशंटच्या बाजूने मदत करणारी अ‍ॅडव्होकसी सर्व्हिस फुकट आहे, सोबत माणूस येतो. आणि तुमच्या घरात जे सर्वात कमी बोलतं त्याला आधी बोलू द्या, आमच्याकडे मी बोलत राहिले असते तर हाताचं कधीच बाहेर आलं नसतं.

कार्डाचा मराठी मजकूर आईनेच लिहून दिलाय, अजून छापून आलेलं नाही. आलं की इथे सांगते.