असिस्ट डॉट ऑर्ग : विषयांचा हिशेब चोख, प्रवेशाचा अंदाज मात्र नाही

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात पहिली दोन वर्षे काढून तिसऱ्या वर्षापासून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे इथल्या बोलीत यूसीच्या, एखाद्या नावाजलेल्या कॅम्पसवर जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कॉलेजातले समुपदेशक सर्वांत आधी जे संकेतस्थळ उघडायला लावतात, ते असिस्ट डॉट ऑर्ग. ही सेवा मोफत आहे, तिच्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि तिच्यावर कोणाची जाहिरातही नसते. मुलीच्या ट्रान्सफरच्या निमित्ताने आमच्या घरी ही सेवा दीर्घकाळ वापरली गेली, त्यामुळे तिच्याविषयी जरा सविस्तर लिहावेसे वाटले. मत आधीच सांगून टाकते. कोणता विषय कुठे धरला जाईल, या एका प्रश्नाचे उत्तर देण्यात असिस्टला तोड नाही. प्रवेश मिळेल का, या प्रश्नावर ते जवळजवळ मूक आहे. आणि बहुतेक घरांत गोंधळ होतो तो या दोन प्रश्नांची गल्लत केल्यामुळे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुले आपण पाहिलेली असतात. कम्युनिटी कॉलेजातून होणारी ट्रान्सफर त्याच जातीची, पण तिचा व्याप कितीतरी मोठा आहे. कॅलिफोर्नियाने 1960 मध्ये उच्च शिक्षणाचा जो बृहत् आराखडा स्वीकारला, त्यातच या वाटेला राज्याच्या धोरणाचे बळ मिळाले. आज राज्यात 116 कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि पदवीपूर्व शिक्षण देणारे यूसीचे 9 कॅम्पस आहेत, म्हणजे नुसत्या यूसीपुरते पाहिले तरी कॉलेज आणि कॅम्पस यांच्या हजाराहून अधिक जोड्या होतात. प्रत्येक कॅम्पसच्या प्रत्येक विभागाला आपल्या पहिल्या दोन वर्षांत काय शिकवायचे याचे स्वातंत्र्य आहे आणि प्रत्येक कॉलेजाचे विषय, क्रमांक, युनिट (म्हणजे विषयाचे श्रेयांक) वेगवेगळे. या पसाऱ्यात कशाच्या जागी काय चालेल याची अधिकृत नोंद राज्यभरासाठी एकाच ठिकाणी ठेवणे, हे असिस्टचे काम.

इथल्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेज म्हटले की अजूनही नाके मुरडली जातात. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात असताना कोणीतरी ‘कुठे मिळालं?’ असे विचारते आणि डी अँझा या कम्युनिटी कॉलेजाचे नाव सांगताना आईबापांचा आवाज एक पट्टी खाली उतरतो. वास्तविक राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका सेमिस्टर युनिटला 46 डॉलर पडतात, तर यूसीची वर्षाची नुसती फीच सुमारे 15,000 डॉलर आहे, राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. आणि दोन वर्षांनी हातात पडणाऱ्या पदवीवर ती अर्धी कुठे शिकली गेली याचा उल्लेखही नसतो. पण हा विषय वेगळा, आणि त्यावर माझे बोलणे एरवीही लांबते.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळू. मुख्य पानावर शैक्षणिक वर्ष, आपले कॉलेज आणि जिथे जायचे ते विद्यापीठ निवडले की त्या दोघांमधले करार दिसतात, आणि त्यातून आपली शाखा निवडली की खरा कागद समोर येतो. डाव्या रकान्यात विद्यापीठाचा विषय, उजव्या रकान्यात त्याच्या जागी चालणारा कॉलेजाचा विषय, मध्ये बाण. वरवर पाहता यात अवघड काही नाही. खरी मेख रकान्यांमधल्या लहानशा शब्दांत असते. दोन विषयांमध्ये ‘अँड’ असेल तर दोन्ही घ्यावे लागतात, ‘ऑर’ असेल तर कोणताही एक चालतो, आणि हे दोन्ही एकाच चौकटीत आले की ओळ सावकाश, पेन्सिल घेऊन वाचावी लागते. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजे क्वार्टर पद्धतीने, म्हणजे वर्षाच्या तीन छोट्या सत्रांत चालतात, तर यूसीचा बर्कली कॅम्पस सेमिस्टर पद्धतीने, म्हणजे दोन लांब सत्रांत. त्यामुळे बर्कलीच्या एका विषयासाठी कॉलेजाचे दोन विषय लागणे ही तिथे नेहमीची गोष्ट आहे, आणि त्यातला एकच पुरा केला तर विद्यापीठाच्या लेखी तो अर्धा न राहता शून्य होतो. काही ओळींच्या उजवीकडे मात्र ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ एवढेच लिहिलेले असते. याचा अर्थ आपल्या कॉलेजात त्या विषयाला पर्यायच नाही. मग तो शेजारच्या एखाद्या कॉलेजात घ्यायचा की विद्यापीठात गेल्यावर, हा निर्णय आपला. आणि शेजारच्या कॉलेजात घ्यायचा ठरवलेत तर करारही त्याच कॉलेजाचा उघडून पाहायचा.

या कागदाची किंमत मला पुरती कळली ती मुलीच्या समुपदेशकांच्या खोलीत. त्या बाईंनी स्वतःची अशी कोणतीही गुप्त यादी काढली नाही. त्यांनी आम्ही घरी पाहिलेले तेच पान उघडले, पडदा आमच्याकडे वळवला आणि ओळीओळीवर बोट ठेवत पुरे झालेले विषय बाजूला काढले. विद्यार्थी, कॉलेज आणि पलीकडचे विद्यापीठ या तिघांसमोर एकच कागद असतो. ‘अमक्याच्या मुलाचा हा विषय धरला होता म्हणे’ अशा ऐकीव गोष्टींना तिथे जागा उरत नाही. सरकारी म्हणावी अशी व्यवस्था इतकी उघडी असते याचे, मुंबईत विद्यापीठाच्या खिडक्यांसमोर रांगा लावलेल्या माझ्यासारखीला, अजूनही अप्रूप वाटते.

आता उणी बाजू, आणि इथे मी थोडी अधिक रेंगाळणार आहे. असिस्टवरचा करार पूर्ण केला म्हणजे प्रवेश निश्चित झाला, असा समज इतका पसरलेला आहे की तो या सेवेचा दोष मानावा की वापरणाऱ्यांचा, हे ठरवणे कठीण जाते. तो कागद सांगतो ती किमान तयारी. यूसीकडे कम्युनिटी कॉलेजातून अर्ज करणाऱ्या रहिवाशाला किमान 2.4 जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, लागतो, पण या आकड्याच्या भरवशावर लॉस एंजेलिस किंवा बर्कलीचे स्वप्न पाहण्यात अर्थ नाही. यूसीएलएत, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसवर, ट्रान्सफरसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा घेतला जातो. बारावीनंतर थेट अर्ज करणाऱ्यांत हेच प्रमाण शेकडा दहाच्याही खाली असते, म्हणून ट्रान्सफरची वाट सोपी असे लोक म्हणतात. ते सरासरीपुरते खरे आहे. संगणकशास्त्रासारख्या शाखेत हा चौथा हिस्सा कुठल्या कुठे जातो आणि चारपैकी जवळजवळ चार गुण असलेली मुलेही नकाराचे पत्र वाचतात.

हे आकडे असिस्टवर नाहीत. ते यूसीच्या माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर, ट्रान्सफरच्या शाखावार तक्त्यात मिळतात: कोणत्या कॅम्पसच्या कोणत्या शाखेला किती अर्ज आले, किती स्वीकारले गेले आणि घेतलेल्यांपैकी मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे गुण कोणत्या पट्ट्यात होते. असिस्टच्या कराराच्या माथ्यावर या तक्त्याचा एक दुवा ठळक दिला असता तर कितीतरी घरांतला निकालांचा एप्रिल सुसह्य झाला असता. काही विभाग आपली शाखा चुरशीची असल्याची सूचना कराराच्या सुरुवातीच्या मजकुरात देतात, हे मान्य करायला हवे. पण तो मजकूर लांबलचक, एकाच राखाडी ठशात, आणि प्रत्येकाची नजर थेट खालच्या रकान्यांकडे धावते. माझा आग्रह असा की तो मजकूर आधी वाचावा. कोणते विषय प्रवेशाआधी पुरे झालेच पाहिजेत आणि कोणते नंतर चालतील, हा फरक बहुधा तिथेच दिलेला असतो.

या मजकुरातच आणखी एक गोष्ट कधीकधी सापडते, जी चुकली तर महाग पडते. सर्वसाधारण शिक्षणाचे विषय, म्हणजे इंग्रजी, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे इत्यादींचा ठरीव संच, पूर्वी आयजीईटीसी या नावाने ओळखला जाई. 2025 च्या फॉल सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी त्याच्या जागी कॅल-जीईटीसी आला आहे, 11 विषयांचा आणि 34 सेमिस्टर युनिटांचा. हा संच पुरा करणे मानव्यविद्या किंवा सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याला सोयीचे असते. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याने मात्र गणित, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगचे विषय मागे टाकून हा संच आधी संपवला, तर यादी नेटकी दिसते आणि अर्ज दुबळा होतो. असिस्ट हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवते. कशाला आधी हात घालायचा हे सांगत नाही.

हमीने प्रवेश हवा असेल त्यांच्यासाठी टॅग नावाची सोय आहे, आणि ती असिस्टवर नसून यूसीच्या टॅप या वेगळ्या नियोजन-सेवेतून मिळते. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस ठराविक गुण आणि विषय पुरे करणाऱ्याला लेखी हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. हमीचा अर्ज 1 ते 30 सप्टेंबर या काळातच करता येतो, तोही एकाच कॅम्पससाठी, आणि सँटा बार्बराच्या अभियांत्रिकीसारख्या काही शाखा त्यातून वगळलेल्या आहेत. टॅपमध्ये विषय आणि गुण पहिल्या सत्रापासून भरत गेले की तीच माहिती पुढे मुख्य अर्जात ओढून घेता येते, हा त्याचा मोठा फायदा. मला विचाराल तर असिस्ट आणि टॅप या एकाच सेवेच्या दोन खिडक्या असायला हव्या होत्या. आज एका खिडकीत करार पाहायचा, दुसऱ्या खिडकीत तोच विषय हाताने टंकायचा, आणि मध्ये चूक झाली तर ती आपली.

प्रत्यक्ष वापरातल्या कुरबुरीही सांगायला हव्यात. एका वेळी एकाच कॅम्पसचा करार दिसतो. पाच कॅम्पसना अर्ज करणारा विद्यार्थी पाच खिडक्या उघडून शेवटी स्वतःचा तक्ता वहीत आखतो. आमच्या फ्रिजवर लावलेला तक्ता असाच, मुलीने तीन रंगांच्या पेनांनी आखलेला होता आणि खरे नियोजन त्यावरूनच झाले. फोनच्या पडद्यावर दोन रकाने इतके आकसतात की ‘अँड’ आणि ‘ऑर’ यांच्यातला फरक नजरेतून निसटू शकतो. चालू वर्षाचे काही करार उशिरा चढतात, तोवर मागच्या वर्षाचा आधार घ्यावा लागतो. त्यातच आता राज्यभर समान विषय-क्रमांक लागू होऊ लागले आहेत, त्यामुळे कॉलेजाच्या जुन्या माहितीपत्रकातला इंग्रजीचा विषय नव्या यादीत ‘इंग्लिश सी 1000’ या नावाने भेटतो. म्हणून विषय ज्या वर्षी घेतला त्या वर्षाचा करार छापून किंवा पीडीएफ करून ठेवावा. त्यासाठीचे बटण पानावरच आहे आणि ते नीट चालते.

बहुतेक खासगी विद्यापीठांसाठी असिस्टचा उपयोग नाही. स्टॅनफर्ड यात नाही, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया यात नाही; सदर्न कॅलिफोर्निया आपली स्वतंत्र यादी प्रसिद्ध करते, ती तिथेच पाहावी.

ओळखीतल्या एका कुटुंबाने एका खासगी सल्लागाराला बरीच मोठी रक्कम दिली. त्या बदल्यात मिळालेली देखणी फाइल मी चाळली, तर तिची निम्मी पाने म्हणजे असिस्टवरचेच करार, वर सल्लागाराचे बोधचिन्ह लावून. पैसे मोजायचेच असतील तर ते असिस्ट जे देत नाही त्यासाठी मोजावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तेही बहुधा लागत नाहीत. यूसीच्या ट्रान्सफर अर्जात चार लहान निबंध असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्दांचे, आणि त्यातला सक्तीचा एक आपण निवडलेल्या शाखेसाठी काय तयारी केली यावर असतो. शिफारसपत्रे मागत नाहीत, एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण पाहत नाहीत. म्हणजे विषय आणि गुण यांच्यानंतर विद्यार्थ्याला स्वतःविषयी बोलायला हीच काय ती जागा. कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक आणि ट्रान्सफर सेंटरची मंडळी हे निबंध विनामूल्य वाचून देतात. ऑक्टोबर संपता संपता मात्र त्यांच्या भेटीच्या वेळा मिळेनाशा होतात, कारण अर्जाची मुदत नोव्हेंबरअखेर संपते. असिस्टवरचा हिशेब उन्हाळ्यातच उरकून ठेवला तर सप्टेंबर टॅगसाठी आणि ऑक्टोबर या निबंधांसाठी मोकळा राहतो.